मैफल सहाची, गाणं आठला : बाईला पुन्हा कुठं घेऊन जाऊ?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. गेल्या शनिवारी आमच्या बाईला (आम्ही आईला बाईच म्हणतो) पहिल्यांदा शास्त्रीय गाण्याच्या मैफलीला घेऊन गेले. बाई पैठण तालुक्यात गावी राहते. वय अडुसष्ट. चाळीस वर्षं भजनी मंडळात आहे. हरिपाठ, काकडा, सप्ताह सगळं होतं तिचं, पण थिएटरात बसून गाणं ऐकायचा योग कधी आला नव्हता. आठ दिवसांसाठी संभाजीनगरला माझ्याकडं आली होती, म्हटलं चल.

पत्रिकेवर छापलं होतं "सायंकाळी ठीक ६ वाजता". आम्ही पावणेसहालाच जागा धरली. प्रमुख पाहुणे आले सातला. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक आणि सत्कार. देणगीदार, त्यांचे बंधू, सभागृहाचे, मंडपाचे, मागच्या वर्षीचे राहिलेले. बाईनं बोटांच्या पेरांवर मोजले. तेवीस झाले. मधेच मला हळूच विचारते, "हे समदे आज गाणार हायेत का गं?" तिला खरंच तसं वाटलं होतं.

आठ वाजून पाच मिनिटांनी गायिका बसल्या. मागं त्यांच्या दोन शिष्या तानपुरे घेऊन. सभागृहात अजून फोटो काढणं चालूच होतं, खुर्च्या वाजत होत्या. गायिकेनं तानपुऱ्याची खुंटी पिळली, कान लावला, पुन्हा पिळली. मग घोडीवर तारेखालचा तो बारीक दोरा केसभर सरकवला आणि आवाज एकदम उघडला. आमची बाई पुढं सरकून बसली. "बोलायला लागलं बघ," म्हणाली. अख्ख्या सभागृहात त्या क्षणाकडं लक्ष असलेली ती एकटीच असेल.

गायिका म्हणाल्या की पूरिया धनाश्री राग मनात धरून आले होते, पण ती वेळ निघून गेली, आता भूप गाते. रागावून नाही, साधंच सांगितलं. फेब्रुवारीत साडेसहाच्या आतबाहेर सूर्य बुडतो. तो संधिप्रकाशाचा राग आम्ही शाली-श्रीफळांत घालवला होता.

भूप सुरू झाला. दहा मिनिटांनी बाई माझा हात दाबून म्हणते, "ही तर आपली काकड्यातली भूपाळी. रातच्याला काहून गाऊ लालेत?" मला उत्तर देता आलं नाही.

मोठा ख्याल (संथ लयीतलं मुख्य गाणं) रंगात येतोय तोवर नऊ वाजून दहा मिनिटांनी विंगेतून चिठ्ठी आली. साडेनऊला सभागृह रिकामं करायचं होतं म्हणे. चार मिनिटांत शेवटची भैरवी उरकली. रिक्षात बाई म्हणाली, "भरल्या ताटावरून उठवलं गं." तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. अशा वेळी श्रोत्यानं काय करावं? आणि बाईला पोटभर ऐकायला मिळेल असं कुठं घेऊन जाऊ?

बिंदुसरा

ताई, अगदी मनातलं लिहिलंत. मी बीडहून मैफलींना यायचो. रात्रीची शेवटची गाडी धरायची म्हणून नऊला उठावंच लागायचं. मुख्य कलाकार नऊला बसणार, मी नऊला उठणार. एकदा तर अशा एका सरोदवादकांची मैफल नुसती जुळणी ऐकून सोडली. स्टँडवर येईपर्यंत तो खर्जातला सा कानात होता. गाडी अर्धा तास उशिरा लागली, त्याचं दुःख वेगळंच.

हिमरू

२३ नारळ म्हणजे एका भंडाऱ्याच्या वाटणाची सोय झाली की ओ.

सतरंजी

माझं थोडं वेगळं मत आहे, राग मानू नका. मी आमच्या गावात बारा वर्षं मैफली भरवल्या. सतरंज्या टाकण्यापासून कलाकाराला स्टेशनवरून आणण्यापर्यंत सगळं केलं.

तालुक्याच्या ठिकाणी तिकीट लावलं की लोक पास मागतात. पास दिला की येत नाहीत. मग गायक, तबला, पेटी, तानपुऱ्याला शिष्य, त्यांचा प्रवास, राहणं, सभागृहाचं भाडं, ध्वनिक्षेपण हे सगळं देणग्यांतून करायचं. देणारा माणूस खताचं दुकान चालवतो, त्याला भूप आणि भीमपलासी सारखेच. तरी तो देतो! त्याला स्टेजवर बोलावून एक शाल घातली तर आपलं काय जातं? एका वर्षी आम्ही सत्कार बंद केले. पुढच्या वर्षी निम्म्या देणग्या आल्या नाहीत आणि मैफलच झाली नाही. सत्कारांना हसणं सोपं आहे, पण त्या शालींवरच आपल्याकडची गाणी उभी आहेत.

गोदाकाठ

@सतरंजी, तुमचं पटतंय. शाल घालू नका असं मी म्हणत नाही. पण गायिकेचा पूरिया धनाश्री गेला, तो कोणाच्या खात्यात मांडायचा?

सतरंजी

माझ्या. हे मी मान्य करतो.

काळा कोट

एक दुरुस्ती. बऱ्याच आयोजकांना वाटतं की दहाच्या नियमामुळं सभागृहातलं गाणंही थांबवावं लागतं. तसं नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला बंदी आहे, पण प्रेक्षागृहासारख्या बंदिस्त जागेत, आतल्यापुरता आवाज असेल तर त्याला सूट आहे. उघड्या मैदानावर मात्र बंदी लागू. तिथंही सांस्कृतिक किंवा धार्मिक सणउत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत मुभा देऊ शकतं. तुमच्या मैफलीला साडेनऊला उठवलं ते सभागृहाच्या पाळीमुळं, कायद्यामुळं नव्हे. आयोजकांनी पुढची पाळी घेतली असती तर तासभर मिळाला असता. भाडं वाढतं हे खरं, पण चहापान कमी करून भागतं.

शेवटची रांग

सोफ्यांवर कोणी बोललंच नाही! पुढच्या दोन रांगा सोफ्यांच्या, पांढरे अभ्रे घातलेल्या. सत्कार झाला की सोफेवाले पाहुणे उठून जातात आणि गाणारा माणूस रिकाम्या सोफ्यांकडं बघत गातो. मागं आम्ही खांबाआडून माना वाकड्या करतोय. एकदा मी आणि माझा मित्र पुढं जाऊन बसलो तर स्वयंसेवकानं उठवलं, "साहेब परत येणार आहेत." साहेब काही आले नाहीत. तबलजीनं आम्हाला उठवताना पाहिलं आणि ठेका धरता धरता मानेनंच "या" अशी खूण केली. मग आम्ही सोफ्यासमोर खाली जमिनीवर बसलो. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला ऐकलेला झपताल तोच.

खर्ज

गोदाकाठ, तुमच्या आईच्या प्रश्नाचं उत्तर देतो. मी तीस वर्षं गाणं शिकवतोय आणि असा प्रश्न विचारणारा विद्यार्थी मला वर्षातून एखादा भेटतो.

भूपात पाच सूर. सा रे ग प ध. मध्यम आणि निषाद वर्ज्य. पहाटे म्हणायच्या आपल्या कितीतरी भूपाळ्यांच्या चाली याच पाच सुरांत फिरतात, म्हणून बाईंना ती ओळखीची वाटली. कान अगदी बरोबर आहे त्यांचा. पण हेच पाच सूर घेऊन सकाळचा आणखी एक राग आहे, देसकार. भूपाचा जीव गंधारावर, म्हणजे ग वर, तो वादी, म्हणजे रागाचा मुख्य सूर. सगळं वळून वळून गंधाराशी येऊन टेकतं, हालचाल खालच्या अंगानं. देसकाराचा जीव धैवतावर, म्हणजे ध वर. तो वरच्या अंगानं चालतो, तार षड्जाच्या (वरच्या सा च्या) जवळपास घोटाळतो. गाव एकच, सकाळी वेशीवरून बघितलं तर वेगळं दिसतं आणि दिवेलागणीला पारावरून बघितलं तर वेगळं.

बाईंना हे वादी-संवादी सांगू नका. त्यांच्यासमोर आधी गंधारावर थांबून गा, मग धैवतावर थांबून गा. त्याच सांगतील सकाळ कुठली ते.

गोदाकाठ

खर्ज सर, मी हा प्रतिसाद फोनवर बाईला वाचून दाखवला. वेशीचं आणि पाराचं ऐकून गप्प झाली, मग म्हणाली, "त्यांना म्हणावं, आमच्या पारावर आता मोबाईलचा टॉवर हाय." आणि मग स्वतःच गुणगुणायला लागली.

उस्मानपुरा

चर्चा छान आहे, पण खरं बोलू का? आपल्याकडं श्रोताच तयार नाही. पुण्यात लोक सवाई गंधर्वला रात्र-रात्र बसायचे. आपल्याकडं ख्याल विलंबितात, संथ लयीत गेला की लोक चहाला जातात. जिथं दर्दी नाहीत तिथं आयोजक तरी काय करणार?

टाळकरी

@उस्मानपुरा, हे मी अजिबात ऐकून घेणार नाही. श्रोता आहे. तो सप्ताहात बसलाय. सात-सात दिवस वीणा खाली न ठेवता पहारा देणारी माणसं मराठवाड्यात गावोगाव आहेत. रात्री दोन वाजता कीर्तनातली चाल ऐकून, "बुवा, आज पंचम जरा उतरला," असं म्हणणारा शेतकरी मी आमच्या गावात पाहिलाय. त्याला पत्रिका कोणी दिली का? तुम्ही पत्रिका देता डॉक्टरांना, बिल्डरांना. ते चहाला जातात आणि नाव खराब होतं मराठवाड्याचं.

अंबाजोगाईचे शंकरबापू आपेगावकर पखवाजावर बसले की समोर वारकरी असायचे. त्या पखवाजाला १९८६ साली पद्मश्री मिळाली. त्यांचे चिरंजीव उद्धवबापूंनी तोच हात पुढं चालवला. ही वाट भजनातूनच आली ना? बाईंच्या हातातला टाळ आणि सभागृहातला तबला यांच्यात भिंत आपणच घातली आहे.

नांदेडची सून

टाळकरी, हात जोडून अनुमोदन. मी लग्न होऊन नांदेडात आले तेव्हा मलाही वाटायचं की गाणं म्हणजे पुणं, मिरज, धारवाड. सासऱ्यांनी माझा गैरसमज काढला. नांदेडात अण्णासाहेब गुंजकरांनी गाणं शिकवलं आणि त्यांच्या हाताखाली नाथराव नेरळकर तयार झाले. नाथरावांनी पुढं औरंगाबादेत राहून किती पोरं घडवली! २०२१ च्या मार्चमध्ये ते गेले, तेव्हा आमच्या घरी रात्री कोणी टीव्ही लावला नाही. सासरे एकटेच व्हरांड्यात पेटी घेऊन बसले होते.

आणि आमच्या नांदेडच्या शंकर दरबार संगीत महोत्सवाला या की फेब्रुवारीत. उघड्यावर, थंडीत, शाल गुंडाळून बसलेली माणसं बघा, मग श्रोता नाही म्हणा.

देवगिरीचा चढ

थोडं विषयांतर, पण राहवत नाही. संगीतशास्त्रातला पायाभूत मानला जाणारा 'संगीतरत्नाकर' कुठं लिहिला गेला? देवगिरीला. तेराव्या शतकात, यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवानं लिहिला. सात अध्याय. हिंदुस्थानी आणि कर्नाटक, दोन्हीकडचे पंडित त्याचा आधार घेतात. देवगिरीच्या दरबारातला गायक गोपाल नायक आणि दिल्लीचा अमीर खुसरो यांच्या जुगलबंदीच्या कथाही अजून सांगतात. आणि आपण त्या किल्ल्याच्या पायथ्याशी उसाचा रस पिऊन परत येतो. तिथं एक पाटी तरी असावी असं मला फार वाटतं.

हिमरू

पाटी लागेल हो, पण उद्घाटनाला तेवीस सत्कार होतील!

देवगिरीचा चढ

होऊ द्या. पाटी तर राहील.

कागजीपुरा

वेरूळ महोत्सव प्रत्यक्ष वेरूळला, कैलास लेण्याच्या साक्षीनं व्हायचा तेव्हा मी कॉलेजात होतो. आम्ही चौघं दोन स्कूटरवर गेलो. मागं तो कोरलेला डोंगर, त्यावर पिवळा उजेड आणि पुढं सतार. थंडी अशी की बोटं सुन्न. जोड-झाला (आलापानंतरचा लयीतला भाग) सुरू झाला तेव्हा शेजारच्या अनोळखी आजोबांनी त्यांच्या घोंगडीचं एक टोक माझ्या गुडघ्यांवर टाकलं. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, डोळे मिटलेलेच. पुढं महोत्सव सोनेरी महालात आला. तीही जागा देखणी आहे, मागं डोंगर आहेच, शहरातून जायलाही सोपं. मी जातो. पण ती घोंगडी मला अजून आठवते.

उस्मानपुरा

टाळकरी, नांदेडची सून, तुमचं ऐकलं आणि माझं वाक्य मी मागं घेतो. माझे वडील कीर्तनाला जायचे, मी सोबत जायला लाजायचो. "श्रोता नाही" असं लिहिताना माझ्या डोळ्यांपुढं ते आलेच नाहीत, याचं वाईट वाटतंय.

मोसंबी

मूळ प्रश्नाकडं येऊ का? ताईंच्या बाईंना कुठं न्यायचं? माझं म्हणणं, थिएटर सोडा, घरगुती बैठकीला न्या. आमच्या जालन्यात काही घरांत अशा बैठका होतात. तीस-चाळीस माणसं, गादी-तक्के, माइक नाही. सत्कार नाही, भाषण नाही, शेवटी मसाला दूध. गवयाचा श्वास ऐकू येतो. माझ्या पोरीनं पहिल्यांदा तबला जवळून बघितला तो तिथंच. तबलजीनं हातोडीनं गट्टे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) खाली ठोकले, चाट (तबल्याची कड) वाजवून बघितली, पोरीला म्हणाले, "आता तू सांग जुळला का." तिनं "नाही" म्हटलं. त्यांनी पुन्हा ठोकला.

दुसरं, सकाळची मैफल बघा. सहाला म्हटली की सहालाच सुरू होते, कारण पाहुणे उठलेलेच नसतात.

सतरंजी

मोसंबींचा शेवटचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे, अनुभव आहे.

आणि ताई, तुमच्या त्या एका प्रश्नामुळं मी चार दिवस अस्वस्थ होतो. आमचे जुने सहकारी परवा भेटले, त्यांच्यापुढं विषय काढला. ठरलं असं : गाणं पत्रिकेतल्या वेळेला सुरू. पाहुणा आला नसेल तरी सुरू. सगळे सत्कार मध्यंतरात, स्टेजवर नव्हे तर खाली, नावं एकदम वाचून. देणगीदारांना पुढच्या रांगेत बसवायचं, पण शेवटपर्यंत बसणार असतील तरच. एका देणगीदाराला फोन करून विचारलं. तो म्हणाला, "माझी आई भजनात आहे, तिला जागा द्या, माझा सत्कार नाही केला तरी चालतो." मी बारा वर्षांत त्याला कधी विचारलंच नव्हतं.

खर्ज

सतरंजी, पहिला तबला जुळवायला मी येतो. भाडं माझं मी भरीन.

गोदाकाठ

मंडळी, सहा आठवड्यांनी धागा वर काढतेय. सांगितल्याशिवाय राहवेना.

मोसंबींनी पत्ता कळवला आणि बाईला घेऊन काल जालन्याला गेले. सकाळची बैठक, साडेसहाची. आदल्या रात्री मुक्काम केला. चाळीसेक माणसं. गवई तरुण, तिशीचे असतील. सहा वाजून पंचवीस मिनिटांनी तानपुरे जुळायला लागले आणि खोलीत एक शब्द नाही. बाई अगदी समोर, हातभर अंतरावर.

त्यांनी ललत गायला, मग मोसंबींनी कानात काही सांगितलं असावं, देसकार घेतला. बाईनं डोळे मिटले. धैवतावर ते थांबले तशी ती माझ्याकडं वळून म्हणाली, "ही सकाळची हाय. त्या दिशीची निराळी." खर्ज सर, मी तिला एका अक्षरानं काही सांगितलं नव्हतं.

बैठक संपल्यावर ती तानपुऱ्याजवळ जाऊन बसली. हात लावू का म्हणून विचारलं. त्या गवयांनी तार छेडली आणि तिचा तळवा भोपळ्यावर ठेवला. खूप वेळ तशीच बसली होती. मग विचारलं, "हा भोपळा कुठला ओ?" ते म्हणाले, "मावशी, वाद्य मिरजेला बनतं, पण भोपळा पंढरपूरकडं पिकतो." बाईनं हात काढून कपाळाला लावला.

जाताना त्यांनी तिला एक अभंग म्हणायला लावला. टाळ नव्हता, म्हणून तबलजींनी ठेका धरला. बाई आधी लाजली, मग दोन कडवी म्हणाली, तिसऱ्याला तिनंच लय वाढवली. तबलजी हसून मागं मागं येत राहिले.

टाळकरी

डोळे भरून आले. बाईंना दंडवत.

शेवटची रांग

पुढची बैठक कधी? आम्ही खाली बसू, सोफा नको.

मोसंबी

पुढच्या महिन्यात दुसऱ्या रविवारी. जागा मोजक्याच आहेत, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. एक जागा बाईंसाठी आधीच धरून ठेवलीय, तानपुऱ्याच्या बाजूची.